कचकून आवळलंय, साहेब!

मागच्या रविवारी सकाळी वाराणसी छावणीतल्या क्वार्टरच्या व्हरांड्यात चहा घेत बसलो होतो. साताऱ्याहून फोन आला. आमच्या जुन्या पलटणीतले सुभेदारसाहेब. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण आवाज अजून परेड ग्राउंडवरचाच. लिलावात निघालेली एक जिप्सी त्यांनी घेतली आहे आणि गेले चार महिने तिच्यामागे लागले आहेत.

"साहेब, गाडी झाली तयार. नवीन पाटे टाकले, दोन इंच वर उचलली. पुढच्या रविवारी पुतण्यांना घेऊन कोयनेच्या बाजूला रानात जाणार."

मी विचारलं, "यू-बोल्ट नवीन घातले का?"

"जुनेच चांगले होते, साहेब. आटे पण शाबूत. शॅकलचे बोल्ट मात्र बदलले. दुकानात होते त्यातले सगळ्यात भारी, १२.९ चे, चकचकीत जस्त चढवलेले. गाडी स्टँडवर होती तेव्हाच सगळं बसवून टाकलं. आणि पाइप लावून कचकून आवळलंय, साहेब! आता हत्ती बसला तरी हलायचं नाही."

मी चहाचा कप खाली ठेवला. सुभेदारसाहेबांच्या हाताखाली मी अर्धी फौज शिकलो. त्यांना चूक सांगणं माझ्या जिवावर येतं. पण त्या चार वाक्यांत चार चुका होत्या आणि त्या चारही चुकांवर त्यांचे पुतणे बसून जाणार होते.

आजचा लेख त्या चार चुकांवर आहे, आणि त्यांच्या मागच्या आपल्या एका सवयीवर. मत माझं स्वतःचं आहे, कुठल्या कार्यालयाचं नाही. पण ते मला फुकट मिळालेलं नाही. त्याची किंमत दुसऱ्याच कुणीतरी मोजली. ते शेवटी सांगतो.

बोल्ट म्हणजे खुंटी नव्हे

आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात बोल्ट म्हणजे जाड लोखंडी खुंटी असते. दोन पत्र्यांना भोक पाडलं, खुंटी घातली, नट लावला, आता पत्रे सरकणार नाहीत. ही समजूत मुळातच चुकीची आहे.

बोल्ट ही एक स्प्रिंग आहे. नट आवळला की बोल्ट ताणला जातो, आणि ताणलेला बोल्ट आखडायला बघतो म्हणून दोन भाग एकमेकांवर दाबले जातात. त्या दाबामुळे दोन पृष्ठभागांत घर्षण तयार होतं आणि जोड त्या घर्षणावर उभा राहतो. जोड नीट आवळलेला असेल तर आडवा मार बोल्टच्या अंगाला लागतच नाही, घर्षणच तो पेलतं. जोड ढिला असेल तर मात्र बोल्ट खरोखरच खुंटी होतो आणि प्रत्येक खड्ड्याला कापला जाऊ लागतो.

इथे गंगेवर राजघाटाला मालवीय पूल आहे. १८८७ साली डफरिन ब्रिज या नावाने उघडला, १९४८ मध्ये मालवीयजींचं नाव मिळालं. खालून रेल्वे, वरून रस्ता. त्या काळातल्या पोलादी पुलांचे जोड रिव्हेटचे. रिव्हेट लालभडक तापवून भोकात घालत आणि दुसऱ्या बाजूने ठोकून डोकं काढत. थंड होताना रिव्हेट आखडे आणि पत्रे एकमेकांवर आवळून धरी. बोल्टच्या बाबतीत तेच काम उष्णतेऐवजी पाना करतो. मुद्दा एकच: किती आवळलं?

आकडे घेऊ. जिप्सीसारख्या गाडीत सर्रास सापडणारा १२ मिलिमीटरचा, ८.८ ग्रेडचा बोल्ट घ्या. नेहमीचे जाड आटे असतील तर ताण घेणारं त्याचं क्षेत्रफळ ८४.३ चौरस मिलिमीटर. कायमचा न लांबता तो जास्तीत जास्त सुमारे ४९ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने पाच टन ताण घेऊ शकतो. पुन्हा उघडायच्या जोडात साधारणपणे त्याच्या तीन चतुर्थांश ताण देतात, म्हणजे पावणेचार टन. तुमच्या करंगळीएवढा बोल्ट, आणि तो पावणेचार टनांनी दोन भाग दाबून धरतो! त्यासाठी कोरड्या आट्यांवर अंदाजे ८८ न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. एक फूट लांबीच्या पान्याच्या टोकाला तीस किलोचा जोर दिला की तेवढा टॉर्क होतो. एवढंच.

आता त्याच पान्याला तीन फुटी पाइप लावा आणि तोच तीस किलोचा जोर द्या. टॉर्क तिप्पट, हिशेबाने ताण अकरा टनांवर. पण हा बोल्ट सात टनांच्या आतच तुटतो. म्हणजे पाइप लावून "कचकून" आवळताना दोनच गोष्टी होऊ शकतात. बोल्ट तुटेल, ते आपलं नशीब, कारण निदान कळेल. किंवा तो तुटण्याच्या अलीकडे कुठेतरी लांबून, आटे ओढून बसेल, आणि आपण समाधानाने हात पुसू. दुसरी गोष्ट जास्त धोकादायक. लांबलेला बोल्ट बाहेरून ठणठणीत दिसतो. अति तेथे माती ही म्हण पान्यालाही लागू आहे.

डोक्यावरचे आकडे

चांगल्या बोल्टच्या डोक्यावर ८.८, १०.९, १२.९ असं कोरलेलं असतं. आपल्याकडे आयएस १३६७ या मानकात त्याचा अर्थ दिलेला आहे. पहिल्या आकड्याला शंभराने गुणलं की तुटण्याची ताकद, न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरमध्ये. दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून दहाने गुणलं की कायमचा लांबायला लागण्याची मर्यादा. ८.८ म्हणजे ८०० ला तुटतो, ६४० ला लांबायला लागतो. १०.९ म्हणजे १००० आणि ९००. १२.९ म्हणजे १२०० आणि १०८०.

मग १२.९ सगळ्यात उत्तम का नाही? कारण ताकद वाढते तसा कडकपणा वाढतो आणि सोसण्याची वृत्ती कमी होते. ८.८ चा बोल्ट तुटण्यापूर्वी बऱ्यापैकी लांबतो, म्हणजे सूचना देतो. १२.९ चा बोल्ट फारशी सूचना देत नाही. शिवाय त्याच्यावर जस्ताचा मुलामा विजेने चढवला असेल तर त्या प्रक्रियेत हायड्रोजन पोलादात शिरतो. नंतरची भट्टीतली प्रक्रिया नीट झाली नसेल तर असा बोल्ट आवळताना काही होत नाही, पण काही तासांनी किंवा दिवसांनी उभ्या गाडीत आपोआप तडकू शकतो. म्हणून दुकानातला चकचकीत १२.९ पाहून मला आनंद होत नाही, शंका येते.

आणि भारी बोल्टचा फायदा भारी टॉर्क दिला तरच. १०.९ चा बोल्ट ८.८ च्या टॉर्कवर आवळला तर तो ८.८ इतकंच दाबून धरतो. भारी टॉर्क द्यायचा तर नट, वायसर आणि खालचा भाग तेवढा सोसणारा हवा. गाडी बनवणाऱ्याने हे सगळं एकत्र तोलून ग्रेड ठरवलेली असते. त्यातली एकच वस्तू बदलून आपण गाडी मजबूत करत नाही, फक्त मोडायची जागा बदलतो.

इथे एक परदेशातली गोष्ट सांगायला हवी. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजचं ५३९० क्रमांकाचं विमान बर्मिंगहॅमहून निघालं आणि सुमारे १७,३०० फुटांवर कॅप्टनसमोरची काच उडून गेली. कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. कर्मचाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने साउदॅम्प्टनला विमान उतरवलं, आणि तो वाचला. काच आदल्याच दिवशी बदललेली होती. ९० बोल्टपैकी ८४ व्यासाने बारीक होते, उरलेले सहा आखूड. फरक किती? बारीक बोल्टमध्ये जेमतेम पाऊण मिलिमीटरचा. अनुभवी माणसाने जुना बोल्ट हातात धरून त्याच्याशी जुळणारे नवे निवडले होते. सुट्या भागांचं पुस्तक पाहिलं नव्हतं. आळशी माणूस नव्हता तो, उलट काम वेळेत व्हावं म्हणून स्वतः राबत होता. मला या गोष्टीत सगळ्यात अस्वस्थ करतं ते हेच.

दुर्गाघाटचे काका

वाराणसीत दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी कुटुंबं आहेत. त्यांच्यातल्या एका काकांकडे माझं जाणं-येणं असतं. इथल्या रेल्वे इंजिन कारखान्यातून ते फिटर म्हणून निवृत्त झाले. कारखान्याचं नाव २०२० पासून बनारस रेल इंजन कारखाना झालं आहे, पण काकांच्या आणि सगळ्या शहराच्या तोंडी अजून 'डीएलडब्ल्यू'च आहे. १९६१ ला कारखाना स्थापन झाला आणि १९६४ च्या जानेवारीत पहिलं डिझेल इंजिन बाहेर पडलं. २६०० अश्वशक्तीची, सोळा सिलिंडरची ती जात काकांनी आयुष्यभर हाताळली.

सुभेदारसाहेबांचा किस्सा मी त्यांना सांगितला. काका हसले नाहीत. म्हणाले, "कर्नलसाहेब, नवा पोरगा आला की मी त्याला दोन नट द्यायचो. एक कोरडा, एक तेलात बुडवलेला. दोन्ही सारखेच आवळ म्हणायचो. त्याला वाटायचं, सारखेच आवळले. मग विचारायचो, कशावरून?"

या एका प्रश्नात सगळं शास्त्र आहे. आपण पान्यावर जो जोर लावतो त्यातला साधारण निम्मा नटाच्या तळाशी घासण्यात जातो, चाळीस टक्क्यांच्या आसपास आट्यांत घासण्यात जातो, आणि बोल्ट ताणायला उरतो जेमतेम दहा टक्के. म्हणजे आपल्या हाताला जे जाणवतं ते मुख्यतः घर्षण असतं, ताण नाही. आता आट्यांना तेल लावलं की घर्षण घटतं. मघाच्या उदाहरणातल्या बोल्टला कोरड्या आट्यांसाठीचा ८८ न्यूटन-मीटर टॉर्क तेल लावलेल्या आट्यांवर दिला, तर ताण पावणेचार टनांवरून सरळ पाच टनांवर, म्हणजे मर्यादेच्या काठावर जातो. उलट गंजलेल्या आट्यांवर तेवढ्याच टॉर्कला जोड ढिलाच राहतो, आणि हाताला मात्र "घट्ट बसलं" असं वाटतं.

म्हणून "पंचवीस वर्षांचा हात आहे, हाताला कळतं" हे वाक्य मला पूर्ण पटत नाही. हाताला बरंच काही कळतं. आटा तिरका चढतोय, बुश सुकलाय, बेअरिंग खातंय, हे जुन्या मिस्त्रीला यंत्राआधी कळतं आणि त्या हाताला माझा सलाम आहे. पण बोल्टच्या पोटातला ताण हाताला कळत नाही. साठ मिलिमीटरचा बोल्ट योग्य आवळला की किती लांबतो? एक मिलिमीटरच्या आठव्या भागाइतका. केसाच्या जाडीच्या आसपास. जोडाच्या मध्ये रंगाचा जाड थर किंवा मातीची पापडी राहिली आणि दोन दिवसांत चेपली गेली, तर त्या केसभर ताणातला मोठा हिस्सा निघून जातो. ना मिस्त्रीच्या हाताला कळतं, ना कर्नलच्या डोळ्याला.

सस्पेन्शनचं वेगळेपण

घराच्या दाराची बिजागरी ढिली झाली तर दार करकरतं. सस्पेन्शनचा जोड ढिला झाला तर गाडी रस्ता सोडते. या भागांवर भार एकाच दिशेने आणि एकसारखा येत नाही. खडकाळ वाटेवर प्रत्येक चाक मिनिटाला कितीतरी वेळा वर-खाली, मागे-पुढे ओढलं जातं. घट्ट जोडात त्या बदलत्या भाराचा थोडाच वाटा बोल्टपर्यंत पोचतो. ढिल्या जोडात सगळाच पोचतो, आणि बोल्ट वाकवून वाकवून तार तुटावी तसा थकून तुटतो.

गेरहार्ट युंकर नावाच्या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये प्रयोगाने दाखवलं की जोडाला आडवे धक्के बसून पत्रे थोडे जरी सरकू लागले, तर नट स्वतःहून उलटा फिरतो. आपण ज्याच्यावर फार विश्वास टाकतो तो स्प्रिंग वायसर अशा धक्क्यांपुढे फारसा टिकत नाही. नट फिरू नये याचा पहिला उपाय म्हणजे जोड सरकणारच नाही इतका योग्य ताण. बाकी सगळे उपाय त्याच्यानंतर.

जिप्सीला चारही चाकांना पाटे आहेत. पाट्यांच्या गठ्ठ्यातून मधोमध एक सेंटर बोल्ट जातो आणि त्याचं डोकं एक्सलवरच्या भोकात बसतं. पुष्कळांना वाटतं की एक्सल त्या सेंटर बोल्टने धरलेला असतो. तो फक्त जागा दाखवतो. धरून ठेवतात ते यू-बोल्ट, आवळून, घर्षणावर. यू-बोल्ट ढिले पडले की सगळा मार त्या बिचाऱ्या सेंटर बोल्टवर येतो आणि एके दिवशी तो कापला जातो. मग एक्सल एका बाजूने मागे सरकतो आणि गाडी आपल्या इच्छेने वळते.

आता सुभेदारसाहेबांच्या चार चुका मांडतो.

एक, जुने यू-बोल्ट. ते एकदा ताणले आणि वाकले गेलेले असतात, आटे ओढलेले असतात. पाटे बदलले की यू-बोल्ट आणि त्यांचे नट नवेच हवेत. नायलॉनचं कडं असलेले नटही एकदाच वापरायचे.

दोन, ग्रेड. गाडीच्या पुस्तकात जी आहे तीच. ना कमी, ना जास्त.

तीन, गाडी स्टँडवर असताना शेवटचं आवळणं. पाट्यांच्या डोळ्यांत आणि शॅकलमध्ये रबरी बुश असतात. चाकं अधांतरी असताना बोल्ट आवळला तर बुश त्याच स्थितीत पकडला जातो. गाडी खाली उतरवली की तो कायमचा पिळलेला राहतो, आणि काही महिन्यांत फाटतो. नट हाताने बसवून घ्यायचे, गाडी चाकांवर उतरवायची, थोडी हलवायची आणि मग टॉर्क द्यायचा.

चार, पाइप. त्याच्या जागी टॉर्क रेंच. यू-बोल्टचे चार नट समोरासमोर फुली मारल्यासारखे, तीन टप्प्यांत. 'कट्' आवाज झाला की थांबायचं. "एक जास्तीचा" म्हणून पुन्हा ओढायचं नाही. काम झालं की रेंच सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा, त्याने गंजलेला नट उघडायचा नाही आणि वर्षातून एकदा त्याची तपासणी करून घ्यायची. मग नटावरून खाली रंगाची एक रेघ ओढायची. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला.

आणि पाचवी गोष्ट, जी सगळे विसरतात: शे-दीडशे किलोमीटर चालवल्यावर पुन्हा टॉर्क तपासणं. नवे पाटे एकमेकांवर बसतात, रंग चेपतो, ताण उतरतो. पहिला टॉर्क हे निम्मं काम असतं.

माझी सही

आता ते, जे शेवटी सांगतो म्हटलं होतं.

खडकवासल्याला कॅडेटचं पहिलं वाहन सायकल. पहिल्या टर्मला माझ्या सायकलच्या मागच्या चाकाचा नट सारखा ढिला व्हायचा. एका रात्री मी तो सगळं अंग टाकून आवळला आणि आटे गेले. दुसऱ्या दिवशी सायकल खांद्यावर घेऊन धावलो. त्यातून मी नटाबद्दल काहीच शिकलो नाही. सीनियरसमोर सायकल नीट दिसली पाहिजे, एवढंच शिकलो.

कॅप्टन झालो तेव्हा डोंगराळ भागात काही महिने युनिटच्या गाड्या माझ्याकडे होत्या. एका जिप्सीचे मागचे पाटे बदलले गेले. कागद माझ्यासमोर आला. मी हवालदाराला विचारलं, "सगळं ठीक?" तो म्हणाला, "एकदम टाइट, सर." मी सही केली. गाडीखाली वाकून पाहिलं नाही. किती टॉर्क दिला विचारलं नाही, कारण उत्तर आलं असतं तरी ते बरोबर की चूक हे मला कळलं नसतं. पुन्हा तपासणीसाठी गाडी कधी आणायची, हे कागदावर लिहिलेलं नव्हतं आणि ते नाही हे माझ्या लक्षातही आलं नाही.

अकराव्या दिवशी उतारावर सेंटर बोल्ट कापला गेला. गाडी दरीकडे न जाता डोंगराकडे वळली, एवढीच देवाची कृपा. ड्रायव्हरचा उजवा पाय दोन जागी मोडला. तेवीस वर्षांचा मुलगा, पलटणीच्या हॉकी टीममध्ये होता. पुन्हा खेळला नाही. मी दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा तो मलाच म्हणाला, "सर, गलती मेरी थी, ब्रेक देर से लगाया." मी त्या क्षणी त्याला खरं सांगू शकलो नाही. नंतर सांगितलं, चौकशीतही सांगितलं. पण त्या दिवशी गप्प राहिलो, ते अजून टोचतं.

हवालदाराला मी दोष देत नाही. त्याने त्याला शिकवलं होतं तसंच केलं, सगळा जोर लावून. टॉर्क रेंच कपाटात होता, कुलपात, "महाग वस्तू आहे, खराब होईल" म्हणून. आपल्याकडे मोजायची साधनं जपून ठेवतात आणि माणसं वापरतात, हे उलटं आहे.

मग करायचं काय?

यावर माझे काही मित्र म्हणतात, "लढाईत कुठला टॉर्क रेंच घेऊन बसलास? तिथे जे हाताशी असेल त्याने काम भागवावं लागतं." अगदी खरं. रात्री, पावसात, शत्रूच्या तोफेच्या टप्प्यात मीही दगडाने ठोकून गाडी बाहेर काढीन. पण आपल्या नोकरीतले बहुतेक दिवस तसे नसतात. दुसऱ्या महायुद्धात गाड्या आणि यंत्रं इतकी वाढली की त्यांच्यासाठी स्वतंत्र कोअर उभी करावी लागली. आपली ईएमई १५ ऑक्टोबर १९४३ ला त्यातूनच जन्मली. दुरुस्ती हे मोजून, शिकून करायचं काम आहे हे फौजेने तेव्हाच मान्य केलं. शांततेच्या दिवसांत नीट आवळलेला जोडच लढाईच्या रात्री साथ देतो. आणि रंगाची रेघ पाहायला तर अंधारातही टॉर्चचा एक झोत पुरतो.

दुसरे म्हणतात, "प्रत्येक गोष्टीला आकडा लावलात तर जवानाचा स्वतःवरचा विश्वास जाईल." माझा अनुभव उलटा आहे. "टाइट आहे" असं सांगणाऱ्याला साहेबाच्या चेहऱ्याकडे बघावं लागतं. "इतके न्यूटन-मीटर, पुन्हा तपासलं, रेघ शाबूत" असं सांगणारा सरळ डोळ्यांत बघून बोलतो. आकडा लहान माणसाला मोठ्यासमोर उभं राहायची ताकद देतो. गोळीबाराच्या मैदानावर आपण कुणाला "नेम बरा होता" असं सांगून सोडत नाही, टार्गेटवरची भोकं मोजतो. मग गाडीखाली आल्यावर "बरं आवळलंय" का चालतं?

म्हणून तरुण अधिकाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. सही करण्यापूर्वी एकदा गाडीखाली जा, वर्दी मळू द्या. हवालदाराला "टाइट आहे का?" असं विचारू नका. "किती?" विचारा, आणि त्या आधी पुस्तकातला आकडा स्वतः पाहून ठेवा. दुरुस्तीच्या कागदावर पुन्हा तपासणीचा दिवस हाताने का होईना लिहा. आणि टॉर्क रेंच कुलपातून बाहेर काढा.

निवृत्त मित्रांनो, तुमच्यापैकी बरेच जण आता जुन्या जीपा, जिप्सी घेऊन सह्याद्रीत फिरता. मला तुमचा हेवा वाटतो. गॅरेजमध्ये गाडी टाकाल तेव्हा मिस्त्रीला हाच प्रश्न विचारा, किती? तो हसेल. हसू द्या. टॉर्क रेंच एका टायरच्या किमतीच्या आत येतो, तुमचा स्वतःचा असू द्या. मागच्या सीटवर जे बसतात त्यांनी बोल्ट पाहिलेला नसतो. त्यांनी तुमच्यावर विश्वास ठेवलेला असतो.

सुभेदारसाहेबांना मी हे सगळं फोनवर सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मला वाटलं, दुखावले. मग म्हणाले, "साहेब, तुमच्या त्या ड्रायव्हरची गोष्ट मला माहीत होती. तुम्ही कधी बोलला नव्हता, म्हणून मीही नाही बोललो. पुतण्यांना सांगतो, एक महिना थांबा."

काल रात्री पुन्हा फोन आला. नवे यू-बोल्ट घातले, शॅकलचे बोल्ट पुस्तकातल्या ग्रेडचे, गाडी चाकांवर उभी करून टॉर्क दिला. एकटेच दीडशे किलोमीटर चालवून आले आणि पुन्हा रेंच लावला.

"साहेब, आठातले दोन नट पाव फेरी फिरले. हाताला तर घट्टच लागत होते."

मी म्हटलं, "सुभेदारसाहेब, आता पुतण्यांना घेऊन जा."

जय हिंद!